पहिला म्हणजे शून्य की एक?

दिगंबर ढोके गेल्याचे कळले तेव्हा मी त्यांच्याच कंपनीला चौथे पत्र लिहीत होतो. ‘सदर कर्मचारी आजही अन्याय सोसत आहे’ हे वाक्य नुकतेच पुरे झाले होते. सकाळचे पावणेदहा वाजले असतील. रुग्णालयातून उज्ज्वलाताईंचा, म्हणजे दिगंबररावांच्या पत्नीचा, फोन आला. “काकाजी, हे गेले,” एवढेच त्या म्हणाल्या. पहाटे छातीत दुखू लागले म्हणून ते स्वतःच्या पायांनी तीन जिने उतरून रिक्षात बसले होते, आणि माझ्या दारावरून जाताना ‘काकाजींना उठवू नको’ असे बायकोला बजावून गेले होते. फोन ठेवून मी समोरच्या कागदाकडे पाहिले, पेन उचलले, ‘सोसत आहे’चे ‘सोसत होता’ केले आणि मग ‘आजही’ खोडले. माणूस जाऊन तास झाला नव्हता आणि मी क्रियापदाचा काळ दुरुस्त करीत होतो... त्याची लाज वाटते. पण उभा जन्म विधी विभागात दुसऱ्यांचे मसुदे तपासण्यात गेलेल्या हाताला अशा वेळी दुसरे काही सुचत नाही.

त्याला आता सात आठवडे झाले. ते चौथे पत्र मी पाठवले नाही. ते का पाठवले नाही, आणि आधीची तीन पाठवायला नको होती हे मला कसे कळले, हे सांगितल्याशिवाय मला बसवत नाही. बसलो तर उठावेसे वाटते, उठलो तर जिन्यापर्यंत जाऊन परत येतो.

दिगंबरराव मूळचे वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे. नव्वदीच्या दशकात, पुण्यात गल्लोगल्ली संगणकाची दुकाने निघत होती तेव्हा ते इथे आले. आधी छापखान्यांचे आणि प्रवासी कंपन्यांचे संगणक जोडून द्यायचे, मग एका कंपनीत, मग दुसरीत, आणि शेवटी खराडीला काचेच्या इमारतीत स्थिरावले. घर मात्र आमच्या कसबा पेठेतल्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, भाड्याने. रोज स्कूटरवरून खराडी. “अहो, तिकडेच का नाही राहायला जात?” असे मी एकदा विचारले, तर म्हणाले, “तिकडे भांडाले तुमच्यासारखं माणूस नाही भेटत, काकाजी.” आमची ओळखही माझ्या एका भांडणातूनच झाली. महानगरपालिकेला मी वर्षानुवर्षे लिहिलेली पत्रे माझ्या संगणकात होती आणि एका सकाळी तो संगणक सुरू होईना. दुकानदाराने ‘डिस्क गेली’ एवढाच निकाल दिला, कारणे न देता. कोणीतरी सांगितले म्हणून मी तिसऱ्या मजल्यावर गेलो.

“पत्रांच्या प्रती कुठे ठेवता?” दिगंबररावांनी विचारले.

“त्यातच.”

“आन् मूळ?”

“तेही त्यातच.”

“म्हणजे सातबारा आन् त्याची नक्कल एकाच कपाटात, आन् कपाटाले आग.” ते हसले नाहीत. “वा! कायद्याचा माणूस!”

पुणेकराला पुण्यात येऊन असे बोलणारा माणूस मला त्या क्षणी आवडला. चार दिवस खपून त्यांनी बहुतेक पत्रे परत मिळवली. मग माझ्या संगणकात त्यांनी दोन डिस्का आणि एक जुने कंट्रोलर कार्ड बसवले आणि ते चालवायला मला शिकवले. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोठ्या यंत्रात पाच-दहा डिस्का असतात, पण त्या सुट्या सुट्या संगणकापुढे येत नाहीत. मधले कंट्रोलर कार्ड त्यांचे गट बांधते आणि प्रत्येक गट एक ड्राइव्ह म्हणून पुढे करते. अशी ड्राइव्ह प्रत्यक्षात कुठेही नसते. हात लावून दाखवता येत नाही. तिला आभासी ड्राइव्ह म्हणतात. दिगंबररावांना वाटले होते की हे म्हाताऱ्याच्या डोक्यावरून जाईल. मी म्हणालो, “यात नवीन काय? कायद्यात देवस्थानही व्यक्ती असते. देव कोर्टात येत नाही, पण त्याच्या नावाने दावा चालतो.” यावर त्यांनी खुर्ची माझ्या जवळ ओढून घेतली.

या ड्राइव्ह ते चित्रांवर टिचक्या मारून कधी सांभाळत नसत. काळा पडदा, त्यावर हुकूम टंकायचा. आधी कोणाला, मग काय. ‘दाखव’, ‘बनव’, ‘काढ’. मला ती भाषा पहिल्याच दिवशी पसंत पडली, कारण तीत ‘इत्यादी’ नाही, ‘शक्यतो’ नाही, ‘कृपया’ नाही. शब्दाचा क्रम चुकला तर यंत्र सरळ नकार देते. ज्या ड्राइव्हवर मजकूर आहे ती काढायला सांगितली तर ते एकदा अडून बसते, आणि हुकुमाच्या शेवटी आणखी एक शब्द मागते. त्या शब्दाचा अर्थ ‘बळाने’. तो टंकला की मग ते ऐकते. काढण्याचा कोणताही हुकूम देण्यापूर्वी दिगंबरराव तो आधी कागदावर लिहीत, मोठ्याने वाचत आणि मगच टंकत. घरच्या यंत्रावरसुद्धा. “बोटाले घाई असते, तोंडाले नसते,” असे म्हणत.

आणि एका शब्दाला ते फार भीत. तो शब्द म्हणजे ‘पहिला’. यंत्र शून्यापासून मोजते. पहिल्या ड्राइव्हचा क्रमांक शून्य, दुसरीचा एक. त्यामुळे कोणी ‘पहिला ड्राइव्ह’ (त्यांच्या कचेरीत ड्राइव्ह पुल्लिंगी) म्हटले की माणसाच्या मोजणीने तो शून्य होतो आणि यंत्राच्या आकड्याने एक. “पहिला म्हणजे? शून्य का एक?” हा प्रश्न ते दिवसातून दहादा विचारत असावेत, कारण त्यांची मुले घरी त्यांना त्यावरून चिडवत. रविवारी आम्ही दोघे मंडईत भाजीला जात असू. एकदा ते एका बाईंना म्हणाले, “ती पहिली मेथीची जुडी द्या.”

बाईंनी मान वर केली नाही. “पहिली इकडून का तिकडून?”

“बघा काकाजी,” दिगंबरराव हरखून गेले, “यांना कळते. आमच्या आफिसात नाही कळत.”

“तुमच्या आफिसात मेथी विकतात का?” बाई म्हणाल्या. “घ्यायची तर घ्या. गिऱ्हाईक उभं आहे मागं.”

गेल्या वर्षी नेमके त्याच शब्दाने त्यांना गाठले. एका रक्ततपासणी प्रयोगशाळेचे अहवाल त्यांच्या कंपनीतल्या यंत्रावर ठेवलेले असत. त्या यंत्रात दोन आभासी ड्राइव्ह होत्या. शून्य क्रमांकावर चालू अहवाल, एक क्रमांकावर जुने, ज्यांची प्रत दुसरीकडे घेऊन झाली होती. जुनी ड्राइव्ह काढून जागा मोकळी करायची होती. मंजिरी नावाच्या त्यांच्या नव्या सहकारी दुसऱ्या इमारतीतून फोनवर म्हणाल्या, “सर, पहिला काढून टाका, त्याचं काम झालंय.” त्यांच्या मनात एक क्रमांक होता. दिगंबररावांनी यादीतला पहिला घेतला. कागदावर शून्य लिहिले, मोठ्याने शून्यच वाचले, टंकले. यंत्र अडले. जुन्या ड्राइव्हवरही मजकूर होताच, तेव्हा तिथेही ते अडलेच असते, म्हणून त्यांना संशय आला नाही. त्यांनी ‘बळाने’ टंकले... शेवटची राखीव प्रत काही दिवसांपूर्वीची होती. मधल्या दिवसांचे अहवाल गेले.

कंपनीने कारणे दाखवा नोटीस दिली. दिगंबरराव ती घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आले. मी ती वाचली आणि खरे सांगतो, मला आनंद झाला. इतकी भोंगळ नोटीस मी सेवेत असताना शिपायालाही देऊ दिली नसती. कोणत्या नियमाचा भंग झाला ते नाही, सूचना लेखी की तोंडी ते नाही, सूचना देणारीचा उल्लेख नाही. संदिग्ध आदेशाचा अर्थ आदेश देणाऱ्याच्या विरुद्ध लावायचा असतो, हे तत्त्व हाताशी होते. मी चार पानांचे उत्तर तयार केले. चार दिवस आम्ही त्यावर बसलो. प्रत्येक मसुद्याच्या अखेरीस दिगंबरराव आपल्या वाटोळ्या अक्षरात एक वाक्य वाढवीत: ‘पहिला म्हणजे कोणता, हे मी विचारायला हवे होते.’ आणि प्रत्येक वेळी मी ते लाल पेनाने खोडत असे.

“दिगंबरराव, हा कबुलीजबाब आहे.”

“पण मी विचारलं नाही ना, काकाजी. रोज विचारतो. त्या दिवशी वाटलं, कळलं आपल्याले.”

“तुम्ही विचारायचे का? त्यांनी नीट सांगायचे!”

“म्हाताऱ्या बाया पुन्हा सुई टोचून घ्याले रांगेत उभ्या राहिल्या तिथं. मी जाऊन पाह्यलं.” थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “कायद्यात असं काही असते का हो? म्हंजे खोटं नाही, पण खरंही नाही?”

मी त्यांना सिद्धतेचा भार म्हणजे काय, यावर अर्धा तास व्याख्यान दिले. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकले, उत्तराची स्वच्छ प्रत दोन्ही हातांनी घेतली, आणि म्हणाले, “लय मेहनत घेतली तुम्ही.”

पंधरा दिवसांत निर्णय आला. नोकरी राहिली, पण यंत्रांवरचे त्यांचे अधिकार काढून घेतले. यापुढे त्यांना फक्त ‘दाखव’ हा हुकूम देता येणार होता. बनवणे नाही, काढणे नाही. जवळजवळ पंचवीस वर्षे ज्याने हे काम केले, त्याने आता याद्या पाहायच्या आणि बिघाड दिसला तर दुसऱ्याला बोलवायचे. माझा संताप अनावर झाला. चार पानांच्या उत्तरातल्या एकाही मुद्द्याचा परामर्श न घेता शिक्षा? मी माझ्या स्वतःच्या सहीने त्यांच्या कर्मचारी विभागाला पत्र लिहिले. त्यांचे उत्तर आले की आपण उल्लेखिलेले चार पानांचे उत्तर आमच्याकडे नाही. ते वाचून मी हसलो. हे उत्तर मला सरकारी कचेऱ्यांकडून जन्मभर मिळत आले आहे. दुसऱ्या पत्रात मी ‘अभिलेख दडवणे’ हा शब्दप्रयोग केला. तिसऱ्यात ‘नष्ट करणे’. प्रत्येक पत्राची प्रत मी दिगंबररावांना दाखवीत असे. ते वाचत, घडी घालत, आणि म्हणत, “सोडा ना काकाजी. कायले जीव जाळता?” मला वाटे, बिचारा भितो आहे. भित्र्या माणसासाठी कोणीतरी निर्भय असावे लागते.

त्यांचे दिवस झाल्यावर एका दुपारी मंजिरीताई उज्ज्वलाताईंना भेटायला आल्या. मी तिथे होतो. ओळख करून दिल्यावर त्यांनी विचारले, “ते... पत्रवाले काका?”

“होय, तोच,” मी म्हणालो. “आणि तुमच्या कंपनीने आमचे उत्तर गहाळ केले आहे, हे मी तुमच्या तोंडावर सांगतो.”

“अहो काका, गहाळ नाही केलं,” त्या अगदी हळू म्हणाल्या. “ते आलंच नव्हतं. सरांनी तीन ओळींचं उत्तर दिलं होतं. मी पाहिलंय ते. ‘सूचना मिळाली होती, पहिला म्हणजे शून्य की एक हे मी विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही.’ बस. कोणी सूचना दिली, कशी दिली, काही नाही. माझं नावसुद्धा नाही. मला नोकरी लागून तीन महिने झाले होते, काका. तुमचं उत्तर गेलं असतं तर मी आज तिथे नसते.”

उज्ज्वलाताई खाली पाहत होत्या. त्यांना ठाऊक होते हे मला त्यावरून कळले.

“मग मी तीन पत्रे लिहिली तेव्हा ते बोलले का नाहीत?” माझा आवाज चढला होता. शोक असलेल्या घरात मी ओरडलो, हे नमूद करतो.

“आम्ही विचारलं होतं सरांना,” मंजिरीताई म्हणाल्या. “तुमचं पत्र आलं की सगळे टरकायचे. सर म्हणायचे, ‘काकाजी माह्यावर रागावू शकत नाहीत, म्हणून तुमच्यावर रागावून राहिले. आज ना उद्या सांगतो त्यांना.’”

मी उठून घरी आलो. त्या दिवसापासून मला दोन राग आहेत आणि दोन्ही एका घरात नांदत नाहीत. एक दिगंबररावांवर. त्यांनी मला खोटे लिहू दिले. ज्याने उभ्या आयुष्यात पुराव्यावाचून एक ओळ लिहिली नाही, त्याच्या सहीने एका निर्दोष कार्यालयावर अभिलेख नष्ट केल्याचा आरोप गेला. तोही एकदा नव्हे, चढत्या क्रमाने. दुसरा राग माझ्यावर, आणि तो अधिक पक्का आहे. पत्र दिले असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी पहिला प्रश्न विचारतो, ‘पोच कुठे आहे?’ पोच नसेल तर पत्र दिलेच नाही असे मी मानतो. सख्ख्या भावालासुद्धा मी हे विचारले आहे आणि त्यावरून तो सहा महिने बोलला नव्हता. दिगंबररावांना मात्र विचारले नाही. स्वच्छ प्रत त्यांच्या हातात दिली आणि ती पोचली असे धरून चाललो. मला वाटले, कळले आपल्याला.

पोच मागितली असती तर त्यांनी तिथल्या तिथे सगळे सांगितले असते. खोटे त्यांना बोलता येत नव्हते. मग मी रागावलो असतो, दोन दिवस जिन्यात तोंड फिरवले असते, आणि तिसऱ्या दिवशी आम्ही मंडईत गेलो असतो... गेले काही आठवडे मी हेच पुन्हा पुन्हा मांडून पाहतो आहे.

शेवटी तिसऱ्या मजल्यावर गेलो. मृताच्या बाबतीत वारसांची संमती घ्यावी लागते. उज्ज्वलाताईंना म्हणालो, “अजूनही त्यांची शिक्षा रद्द करून घेता येईल. मंजिरीताईंना मी फोन करून विचारले, त्या लेखी द्यायला तयार आहेत. कागदोपत्री तरी त्यांचे नाव स्वच्छ होईल.”

त्या तांदूळ निवडत होत्या. “त्यांनी लिहिलं ते तसंच असू द्या, काकाजी,” त्या म्हणाल्या. “तुमचं तेवढं परत आणा.”

गेल्या सोमवारी मी खराडीला गेलो. फाटकावरच्या नोंदवहीत ‘भेटीचे कारण’ असा रकाना होता. मी ‘दुरुस्ती’ असे लिहिले. पहारेकऱ्याने विचारले, “एसीची का, काका?” मी होय म्हणालो. कर्मचारी विभागातले अधिकारी तरुण होते, सभ्य होते. त्यांनी मला बसवले, पाणी दिले. मी पत्र पुढे ठेवले. ‘माझी यापूर्वीची तिन्ही पत्रे व त्यांतील आरोप मी विनाशर्त मागे घेतो. आपल्याकडील उत्तर हेच श्री. ढोके यांचे खरे उत्तर होय.’ असे पत्र मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिले होते आणि त्याला सात मसुदे लागले.

“याची गरज नव्हती, काका,” ते म्हणाले. “ती फाइल आम्ही केव्हाच बंद केली.”

“मी केलेली नाही,” मी म्हणालो. “पोच द्या.”

त्यांच्याकडे शिक्का नव्हता. या इमारतींत शिक्के नसतात. त्यांनी माझ्या प्रतीवर सही केली, तारीख घातली, आणि माझ्या पत्राचा शेवटचा परिच्छेद पुन्हा वाचला. त्यात मी एक सूचना केली होती: ड्राइव्ह काढण्यासंबंधी तोंडी आदेश देताना ‘पहिला, दुसरा’ हे शब्द वापरण्यास मनाई करणारा नियम करावा.

“असा नियम आहे आमच्याकडे,” ते म्हणाले. “ढोके सरांनीच केलेला. चला, दाखवतो.”

यंत्रांच्या खोलीत मला जाता येत नव्हते, काचेतून पाहिले. आत थंड हवेचा घोंघाट होता आणि रिकामी खुर्ची होती. बाहेरच्या भिंतीवर, दाराच्या डाव्या अंगाला, प्लास्टिकच्या पिशवीत एक कागद चिकटवलेला होता. तिथले बाकी सगळे कागद इंग्रजीत होते. हा एकच मराठीत, कारण चूक मराठीत झाली होती. वाटोळे अक्षर होते. वर दोन ओळी जुन्या, शाई फिकट झालेली: ‘पहिला, दुसरा म्हणू नये. शून्य, एक म्हणावे. न कळल्यास विचारावे.’ खाली वेगळ्या पेनाने, बहुधा अधिकार काढून घेतल्यानंतर कधीतरी वाढवलेली, एक ओळ होती.

‘कळले असे वाटल्यास तर विचारावेच.’

मी ती तीन वेळा वाचली. या वाक्यात ‘तर’ अनावश्यक आहे. लाल पेन खिशात होते आणि हात पेनावर होता. मी हात बाहेरच काढला नाही.